पुस्तक परिचय लिहिताना

मराठीच्या बाईंनी पुस्तक परिचय लिहून आणायला सांगितला, की बहुतेक वह्यांत अख्खी गोष्टच उतरते. शेवटी एक ओळ, 'मला हे पुस्तक खूप आवडले.' का आवडले, ते राहूनच जाते.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घेऊ. १९५५ साली आलेली छोटेखानी कादंबरी. नाव, लेखक, प्रकाशक हे सुरुवातीलाच उरकून टाका. कथानकाला चार वाक्ये पुरेत: माणदेशातली धनगरांची वाडी, तिथे नेमणूक झालेला तरुण मास्तर, त्याच्या खटपटीने उभी राहिलेली तालीम आणि मग पडलेला दुष्काळ.

खरे लिहायचे ते यापुढे. एकच प्रसंग निवडा. समजा, गावाने मिळून तालीम बांधली तो भाग. कोण पुढे आले, कोण कुरकुरले, म्हातारा कारभारी मास्तरांशी कसा बोलतो, हे पुस्तक उघडून पुन्हा पाहा. वाचतानाच पान क्रमांक टिपून ठेवला, तर शोधाशोध वाचते. अर्थात वहीत, वाचनालयाच्या पुस्तकात रेघोट्या नकोत!

भाषेवरही दोन वाक्ये हवीतच. इथे माणसे माणदेशी बोलीत बोलतात, मास्तर मात्र आपली हकिगत प्रमाण मराठीत सांगतो. असे का केले असेल? तुमचा अंदाज लिहा, चुकला तरी चालेल. एखादा भाग रेंगाळला असे वाटले, तर तेही कारणासह सांगा. आणि मलपृष्ठावरचा मजकूर तेवढा उतरवू नका. बाईंनीही तो वाचलेला असतो.