अंगावर काढलेल्या दुखण्याचा हिशेब



आपण सभेत कापसाचा भाव बोलतो, ज्वारीचा उत्पादन खर्च मांडतो. आज जे घरातही बोलत नाही ते बोलू.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायांची तपासणी केली. १९८९ साली तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. त्याआधी अशी तपासणी झाली होती जेमतेम आठ जणींची. बैल लंगडला तर आपण त्याच दिवशी जू उतरवतो. बाई मात्र दुखणं अंगावर काढते. दवाखाना लांब, रोज बुडतो, आणि पांढरं जातं हे सांगायचं कुणाला?

आता बीडकडे पाहू. कोरडवाहूत भागत नाही म्हणून उचल घ्यायची. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. पाळीत बाई बसली की खाडा, म्हणजे दंड. फडावर न्हाणी नाही, संडास नाही. पोट दुखलं की औषधाऐवजी पिशवीच काढायची. २०१९ साली सरकारी समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहातली एक. तो खर्च फेडायला पुन्हा उचल.

पण सगळं गरिबीच्या माथी मारून आपण पुरुष सुटत नाही. बागायतदाराच्या घरात तरी बाई नवऱ्याला ‘आज नको’ म्हणू शकते का? आजार बाहेरून नवरा आणतो, बोल बायकोला लागतो. तो गुपचूप एकटाच औषध घेतो. तिचा आजार तसाच राहतो आणि त्यालाही पुन्हा लागण होते. पुरुषाची नसबंदी सोपी, पोट उघडावं लागत नाही. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत लग्न झालेल्या शंभर बायांत ३८ जणींची नसबंदी झालेली. पुरुषांची शंभर जोडप्यांत एकसुद्धा नाही.

म्हणून गावोगाव एवढं ठरवू. औषध नवरा-बायकोनं दोघांनी घ्यायचं. बरं होईतो जवळ जायचं नाही, निदान निरोध वापरायचा. पिशवी काढा म्हटलं की आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं. आणि मुकादमाशी बोली करतानाच सांगायचं, बाईच्या पाळीचा खाडा आम्ही देणार नाही. घामाचा दाम मागणाऱ्यांनी हाही हिशेब मागितला पाहिजे. निम्मा घाम तिचाच आहे.