एकच अक्षर, तीन उच्चार
(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात जालना येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी बँकेतला कारकून, कला शाखेचा पदवीधर. जपानी भाषेवर बोलण्याचा याला अधिकार काय, असे कुणी विचारील. अधिकार एवढाच की, दोन वर्षे मी ती घरी पुस्तकावरून शिकतो आहे आणि पुण्याच्या केंद्रावर एकदा नापासही झालो आहे. 2021 साली भारत-जपान करार झाल्यापासून शुश्रूषेच्या कामासाठी तिकडे जाऊ पाहणारी मुले आपल्याकडेही दिसतात, म्हणून माझे नापास होणे त्यांच्या कामी यावे.

जपानी लोक चिनी अक्षरे वापरतात, त्यांना कांजी म्हणतात. नित्य वापराच्या 2010 च्या सरकारी यादीत ती 2136 आहेत. अक्षराला अर्थ असतो, पण उच्चार शब्दागणिक बदलतो. माझ्याच पोटापाण्याचे उदाहरण घ्या. बँकेला जपानीत ‘गिन्को’ म्हणतात. त्यात पहिले अक्षर चांदीचे, दुसरे ‘को’. हेच ‘को’ साधनेसाठी असलेल्या ‘शुग्यो’ या शब्दात ‘ग्यो’ होते आणि भिक्खूंच्या चारिकेला ‘आन्ग्या’ म्हणतात तिथे ‘आन्’ होते!

हा खोडसाळपणा नव्हे, इतिहास आहे. ‘ग्यो’सारखे जुने उच्चार दक्षिण चीनच्या बोलीतले. पुढे थांग राजवटीच्या राजधानीतले ‘को’सारखे उच्चार आले आणि जपानी दरबाराने तेच शिकण्याचा आग्रह धरला. तरी सूत्रपठण बहुतांशी जुन्या उच्चारातच चालू राहिले. ‘आन्’ त्याहून नंतरचा, झेन भिक्खूंच्या काळातला. आपल्या नागपूरच्या भदंत सुरेई ससाई यांचेच नाव पाहा. जपानीत ते ‘शूरेइ’. भिक्खूचे नाव सहसा चिनी वळणाने वाचतात. तीच दोन अक्षरे देशी वळणाने ‘हिदे’ आणि ‘मिने’ अशीही वाचता येतात.

एवढ्यावर भागले असते तर मी पास झालो असतो. पण काही शब्दांत अक्षरांचे कोणतेच ठरलेले उच्चार चालत नाहीत. ‘आता’ आणि ‘दिवस’ ही अक्षरे शेजारी आली की वाचायचे ‘क्यो’, म्हणजे आज. ‘मोठा’ आणि ‘माणूस’ मिळून ‘ओतोना’, म्हणजे प्रौढ. मी अक्षरे जोडून वाचत बसलो आणि बुडालो. एक माणूस ‘हितोरी’, दोन ‘फुतारी’, तिसऱ्यापासून मात्र नियमाने ‘सान्निन’. आपले दीड, अडीच आणि मग साडेतीन, तसेच हे. ‘साडेएक’ म्हणणारा खातेदार अजून माझ्या खिडकीवर आलेला नाही.

आता शाळेची एक गोष्ट सांगतो. सातवीत धडा वाचताना ‘जरा’ हा शब्द आला. अर्थ म्हातारपण. मी तो ‘जरा थांब’मधल्या ‘जरा’सारखा वाचला. गुरुजी हसले, वर्ग हसला. “घरात पुस्तक नसले की असेच व्हायचे,” असे गुरुजी म्हणाले. घरात पुस्तक नव्हते हे खरेच होते. त्यानंतर दहावीपर्यंत मी वर्गात मोठ्याने वाचायला उभा राहिलो नाही.

मित्रहो, मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिपीत त्यांना वेगळी खूण नाही. आकडा ‘चार’ आणि जनावरांचा ‘चारा’ एकदा म्हणून पाहा. ज्याच्या घरी तो शब्द बोलला जातो त्याला उच्चार फुकट मिळतो. ज्याच्या घरी नाही त्याने चुकून शिकायचे, आणि चुकला की त्याची अक्कल काढायची, नाहीतर जात.

म्हणून त्या सरकारी यादीच्या शेवटचा तक्ता मी प्रथम पाहिला तेव्हा बराच वेळ बघत राहिलो. नियमात न बसणारे 116 शब्द तिथे उच्चारांसह दिले आहेत. क्यो, ओतोना, हितोरी, सगळे. जे जपानी घरात कानावर पडते तेच सरकारने लिहून ठेवले! शिवाय मुलांच्या पुस्तकांत कांजीशेजारी बारीक अक्षरांत उच्चार छापतात, त्याला फुरिगाना म्हणतात. तो वाचण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

आपल्या अभ्यासिकेच्या भिंतीवर मी काल एक कोरा तक्ता लावला आहे. पहिला शब्द ‘जरा’ मीच लिहिला, दोन्ही अर्थांसह. खाली खडू नाही, स्केचपेन ठेवला आहे. तो कृपया कुणी घरी नेऊ नये. रविवारपर्यंत किती शब्द होतात ते पाहू.

जय भीम.