जनुक एकच, गाव वेगळे
(रेडिओवरील भाषण)



आज बोलायचे आहे ते अमायलॉइडोसिस या आजाराबद्दल. नाव अवघड आहे आणि बहुतेकांनी ते ऐकलेलेही नसेल. पण ज्यांच्या घरात कुणाचा क्षय अर्धवट औषधांवर राहिला, कुणाचा संधिवात वर्षानुवर्षे चालू आहे, कुणाच्या हाडातली जखम आज सुकते नि उद्या पुन्हा वाहते, त्यांच्यासाठी हा आजार लांबचा नाही.

आपल्या शरीरातले प्रत्येक प्रथिन ठरावीक घडीत राहते आणि त्या घडीतच काम करते. काही प्रथिनांची घडी बिघडली की त्यांचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि बारीक, चिवट धागे तयार होतात. हा धागा साधारण मिलिमीटरच्या लाखाव्या भागाइतका जाड असतो. 1959 साली कोहेन आणि कॅल्किन्स या दोघांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो पहिल्यांदा नीट दाखवला. हे धागे म्हणजेच अमायलॉइड, आणि ते शरीराला सहजी मोडता येत नाहीत. ते मूत्रपिंडात, हृदयात, यकृतात, मज्जातंतूंत साचत जातात आणि अवयव आतून निकामी होतो. असे धागे बनवू शकणारी चाळीसहून अधिक प्रथिने माणसाच्या शरीरात आजवर सापडली आहेत. म्हणून अमायलॉइडोसिस हे एका रोगाचे नाव नसून रोगांच्या एका कुळाचे नाव आहे.

या कुळातल्या एका शाखेबद्दल मला आज अधिक सांगायचे आहे, कारण ती आपल्या भागाशी जोडलेली आहे. शरीरात कुठेही दाह झाला की यकृत सीरम अमायलॉइड ए नावाचे प्रथिन सोडू लागते. एरवी रक्तात ते अगदी थोडे असते. तीव्र दाहात त्याचे प्रमाण हजारपटीपर्यंत चढू शकते. चार दिवसांच्या तापात ते चढते नि उतरते, काही बिघडत नाही. पण दाह वर्षानुवर्षे धुमसत राहिला, तर या प्रथिनाचे तुकडे मूत्रपिंडात साचायला लागतात. लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, लघवीला फेस येतो, पावलांवर आणि डोळ्यांखाली सूज येते, आणि शेवटी माणूस डायलिसिसपर्यंत जाऊन पोचतो. श्रीमंत देशांत आज या शाखेमागे बहुतेक वेळा संधिवातासारखे आजार असतात. आपल्याकडे काय होते? चंदीगडच्या पीजीआय संस्थेतल्या डॉ. चुघ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 साली भारतीय रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मूत्रपिंडातल्या अमायलॉइडमागचे सर्वांत मोठे कारण त्यांना क्षयरोग हेच दिसले.

कुष्ठरोगातही हेच घडते. कुष्ठरोगाच्या काही रुग्णांना पुन्हापुन्हा ताप येतो, अंगावर लाल, दुखऱ्या गाठी उठतात. अमायलॉइडचा संबंध या उसळीशी आहे, हे 1975 साली लॅन्सेट नियतकालिकातल्या एका अभ्यासाने दाखवले.

आता जनुकांकडे येऊ. दीर्घकाळ दाह असलेल्या सगळ्यांनाच अमायलॉइड होत नाही. मग ज्यांना होतो त्यांनाच तो का होतो? सीरम अमायलॉइड ए ज्या जनुकामुळे बनते, त्याची थोडी वेगवेगळी रूपे माणसांमाणसांत असतात. युरोपीय वंशाच्या रुग्णांत त्यातले एक रूप धोका वाढवताना दिसले, आणि जपानी रुग्णांत दुसरेच. म्हणजे एका देशात सापडलेला दोषी दुसऱ्या देशात जसाच्या तसा उभा करता येत नाही.

या प्रश्नावर सर्वांत जास्त उजेड पडला तो भूमध्य समुद्राच्या परिसरातल्या एका आनुवंशिक तापामुळे. यहुदी, अरब, तुर्की आणि आर्मेनियन लोकांत हा ताप पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. दोन-तीन दिवस ताप, पोटात असह्य कळा, मग सगळे शांत, आणि काही आठवड्यांनी पुन्हा तेच. औषध नव्हते तेव्हा यातले कितीतरी जण ऐन तारुण्यात मूत्रपिंडातल्या अमायलॉइडने दगावत. 1997 साली या तापाचे जनुक सापडले. मात्र औषध त्याआधीच हाती आले होते. 1972 साली गोल्डफिंगर या डॉक्टरांनी कळवले की कॉल्चिसीन या जुन्या औषधाने तापाचे झटके थांबतात. 1986 साली इस्रायलमधल्या 1070 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध झाला. औषध नियमित घेणाऱ्यांत नव्याने लघवीतून प्रथिने जाण्याचे प्रमाण दोन टक्क्यांहूनही कमी होते. औषध मध्येच सोडणाऱ्यांत ते नऊ वर्षांत जवळजवळ निम्म्यापर्यंत गेले.

हे कॉल्चिसीन आपल्या कळलावीत असते. पावसाळ्यात सह्याद्रीत लाल-पिवळ्या, ज्वाळांसारख्या पाकळ्यांचे फूल लागते तीच ही वेल, आणि तिच्या बियांपासून औषधासाठी कॉल्चिसीन काढतात. पण श्रोतेहो, हे ऐकून कुणी कळलावीचा कंद उगाळून घेऊ नये. तो जीवघेणा विषारी आहे. औषधाची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजलेली असते आणि ती डॉक्टरच ठरवतात.

त्याच तापाच्या अभ्यासात पुढे जे दिसले, ते मला जनुकाच्या शोधाहूनही मोठे वाटते. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या आर्मेनियन रुग्णांत अमायलॉइड जवळजवळ आढळत नव्हता, हे सत्तरच्या दशकातच डॉक्टरांच्या लक्षात आले होते. मायदेशी राहिलेल्या आर्मेनियन रुग्णांत मात्र तो होत होता. वंश तोच, ताप तोच. मग 2007 साली 14 देशांतल्या 2482 रुग्णांची तुलना झाली. मूत्रपिंडातल्या अमायलॉइडचा धोका ठरवणारी सर्वांत मोठी गोष्ट रुग्णाचे जनुक नव्हते, रुग्ण ज्या देशात राहतो तो देश होता. आणि ज्या देशांत बालमृत्यूचे प्रमाण जास्त, त्याच देशांत या अमायलॉइडचा धोकाही जास्त होता.

बालमृत्यूशी असलेला हा संबंध वाचताना आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला जामखेड आठवल्याशिवाय राहत नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 साली जामखेडला आले, तेव्हा त्या दुष्काळी भागात हजार जन्मांमागे 176 बालके वर्षाच्या आत दगावत होती. पाचेक वर्षांत हा आकडा पन्नाशीच्या आसपास आला. ते काम मुख्यतः गावच्याच बायकांनी केले. त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हते. बाळंतपण सुखरूप करणे, पाणी स्वच्छ ठेवणे, जुलाब लागलेल्या लेकराला साखर-मिठाचे पाणी पाजणे हे तर त्या शिकल्याच. त्याबरोबर क्षयाचा न थांबणारा खोकला ओळखणे आणि कुष्ठरोगाचा अंगावरचा बधिर चट्टा ओळखणे हेही शिकल्या. आरोळे दांपत्याला 1979 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरचे डॉक्टर जामखेड पाहायला येऊ लागले. अमायलॉइड हा शब्द त्या आरोग्यसेविकांच्या कानावर आलाही नसेल. पण एखाद्या घरी जाऊन त्यांनी खोकणाऱ्या माणसाला वेळेत औषधावर आणले, चट्टा असलेल्या बाईची लाज मोडून तिला दवाखान्यात नेले, तेव्हा त्या घरातल्या कुणाचे तरी मूत्रपिंड वीस वर्षांनी वाचणार होते. माझ्या दृष्टीने अमायलॉइडोसिसच्या प्रतिबंधाचे याहून मोठे काम दाखवता येणार नाही.

काही प्रकार मात्र थेट आनुवंशिक असतात आणि गाव बदलून टळत नाहीत. 1952 साली कोरिनो आंद्राद यांनी पोर्तुगालच्या किनाऱ्यावरच्या कोळी कुटुंबांत पायांपासून चढत जाणारा मज्जातंतूंचा आजार नोंदवला. ट्रान्सथायरेटिन या प्रथिनातला एक घटक बदलल्याने तो होतो. हे प्रथिन मुख्यतः यकृतात बनते, म्हणून 1990 साली स्वीडनमध्ये यकृत बदलून या आजारावर उपचार सुरू झाले. 2021 साली तर यकृतातले ते जनुकच एका सलाइनने बंद करण्याचा पहिला प्रयोग सहा रुग्णांवर झाला आणि रक्तातले ते प्रथिन खरोखर घटले. ही विद्या आपल्या दवाखान्यांत यायला वेळ लागेल, पण ती येईल.

दाहातून होणाऱ्या अमायलॉइडबाबत हातावर हात धरून बसण्याचे कारण नाही. लंडनच्या राष्ट्रीय अमायलॉइडोसिस केंद्राने 2007 साली 374 रुग्णांचा अभ्यास छापला. दाह पुरता आटोक्यात राहिला तेव्हा साठे वाढायचे थांबले, आणि अनेकांत ते हळूहळू कमीही झाले. म्हणजे मूळ आजारावर नेटाने उपचार करणे हाच इथे पहिला उपचार.

लघवीतली प्रथिने तपासायला पट्टीची साधी तपासणी पुरते. जुना क्षय, कुष्ठरोग, संधिवात किंवा वाहती जखम असलेल्याने ती अधूनमधून करून घ्यावी. त्यात प्रथिने दिसली आणि डॉक्टरांनी बायॉप्सी सुचवली तर घाबरू नये. कित्येकदा पोटाच्या कातडीखालच्या चरबीचा कणही चालतो. काँगो रेड या रंगाने तो रंगवला आणि खास सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी झाक दिसली, तर अमायलॉइड आहे असे ठरते. मग तो कोणत्या प्रथिनाचा, हे विचारायला विसरू नका. एक प्रकार मज्जेतल्या पेशींच्या बिघाडाने होतो, त्याला कर्करोगासारखे उपचार लागतात. एकाचे औषध दुसऱ्याला देऊन भागत नाही.

शेवटी पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या ऊसतोड बंधुभगिनींसाठी. क्षयाचा साधा उपचार सहा महिन्यांचा, आणि तोडणीचा हंगामही जवळपास तेवढाच. उचल घेतलेली असते, टोळी निघते, गोळ्या घरीच राहतात, आणि क्षय अर्धा बरा होऊन आत धुमसत राहतो. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. तुमचे नाव निक्षय या सरकारी नोंदणीत असते आणि ती नोंद कारखान्याच्या गावच्या दवाखान्याकडे पाठवता येते. टोळी निघण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, कोणत्या कारखान्यावर निघालात ते सांगा, आणि पुढच्या गोळ्या तिथे मिळतील अशी नोंद करून घ्या. टोळीत कुणी औषधावर असेल, तर मुकादमांनी त्याला गोळ्या आणायला अर्ध्या दिवसाची मोकळीक द्यावी, ही माझी त्यांना हात जोडून विनंती आहे.