टाळी दिसलीही पाहिजे

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त कर्णबधिर मुलांच्या शाळेच्या मदतीसाठी आपल्या सोसायटीने घेतलेल्या कार्यक्रमात, सहकार्य करणाऱ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



सांस्कृतिक समितीने मला दहा मिनिटं दिली आहेत आणि घड्याळ समोरच ठेवलं आहे. म्हणून आभार आधी मानते, नाहीतर ते राहून जातात. ज्यांनी मजले चढून-उतरून पास विकले, ज्यांनी स्मरणिकेसाठी दुकानादुकानांतून जाहिराती आणल्या, ज्या भगिनींनी खाद्यपदार्थांचे स्टॉल लावून त्यातला पैन् पै निधीला दिला, त्या सर्वांचे शाळेच्या वतीने मनापासून आभार.

आज ज्यांना शाल-श्रीफळ दिलं, त्यांच्याविषयी थोडं बोलते. अशा मुलांना मी बरीच वर्षं शिकवलं, त्यामुळे यांचं काम जवळून पाहिलेलं आहे.

पहिले आपले रिक्षावाले काका. मुलांना शाळेत नेताना हॉर्न वाजवून उपयोग नाही, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं. तेव्हापासून ते खिडकीतून दिसेल अशा जागी रिक्षा लावतात आणि हात वर करून उभे राहतात. दुसरे श्रवणयंत्र दुरुस्त करणारे भाऊ. मुलाचं यंत्र बंद पडलं की हातातलं काम बाजूला ठेवून ते आधी करून देतात, कारण यंत्राविना गेलेला शाळेचा दिवस परत येत नाही. आणि तिसऱ्या सी विंगमधल्या आजी. नातवाशी बोलता यावं म्हणून साठी उलटल्यावर त्या सांकेतिक भाषेच्या वर्गाला जाऊन बसल्या. आता आजी आणि नातू जिन्यात उभे राहून गप्पा मारतात, आणि काय बोलतात ते आपल्याला कळत नाही! त्या वेळी न कळणारे आपण असतो.

या तिघांनी दिलं त्याहून जास्त शिकून घेतलं. खरा आधार याला म्हणायचा, असं मला वाटतं.

आता निधीचं. देणगी म्हटलं की आपल्याला यंत्र दिसतं. यंत्र भेट द्यायचं, फोटो काढायचा, झालं. पण श्रवणयंत्राला बॅटरी लागते आणि ती संपते. कानात बसणारा साचा मुलाच्या कानाच्या मापाचा असतो. मूल वाढलं की तो सैल होतो, यंत्र शिट्टी वाजवायला लागतं आणि मूल ते काढून ठेवतं. कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया झाली तरी पुढे कित्येक महिने, वर्षं ऐकायचं आणि बोलायचं शिक्षण चालू ठेवावं लागतं. यंत्रासाठी देणारे भेटतात, साच्यासाठी आणि बॅटरीसाठी भेटत नाहीत. आजचा निधी याच न दिसणाऱ्या खर्चासाठी जाणार आहे. हा निर्णय समितीने शाळेला विचारून घेतला, याचं मला विशेष वाटतं.

दुसरी गोष्ट भाषेची. बधिर मुलांपैकी दहातली नऊहून अधिक मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. म्हणजे घरातली भाषा मुलापर्यंत पोचत नाही आणि मुलाला पोचेल ती भाषा घरात कुणाला येत नाही. पहिली चार-पाच वर्षं अशीच गेली, तर नुकसान कानाचं राहत नाही, ते विचारांपर्यंत जातं. म्हणून तपासणी लवकर हवी आणि भाषाही लवकर हवी. बोलण्याची असो, हातांची असो, नाहीतर दोन्ही.

हातांची भाषा म्हणजे नुसते हातवारे नव्हेत. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. आपण विचारतो, 'तू कुठे राहतोस?' तिथे प्रश्न शेवटी येतो: 'तू राहणं कुठे?' आणि सोबत भुवया, चेहरा हेही बोलतात. इंग्लंड आणि अमेरिकेची बोलण्याची भाषा एक, पण सांकेतिक भाषा अगदी वेगवेगळ्या. आपल्याकडे दिल्लीत २०१५ साली या भाषेसाठी राष्ट्रीय केंद्र सुरू झालं आणि २०२१ पर्यंत त्यांचा शब्दकोश दहा हजार शब्दांचा झाला. आणि हो, 'मुका' हा शब्द आता सोडून देऊ या. या मुलांचा गळा बहुधा ठणठणीत असतो. आवाज ऐकूच आला नाही, तर तो घडवायचा कसा, एवढाच प्रश्न असतो.

इतिहासातली एक गोष्ट सांगते. १८८० साली इटलीत मिलान शहरी बधिरांच्या शिक्षणावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. प्रतिनिधी दीडशेहून अधिक, त्यांत बधिर म्हणाल तर एखाददुसरा. त्यांनी ठराव केला की शाळेत हातांची भाषा नको, फक्त तोंडी बोलणं शिकवा. पुढे अनेक देशांतल्या वर्गांत मुलांचे हात बंद झाले, बधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. त्या ठरावाबद्दल याच परिषदेने खेद व्यक्त केला, तो २०१० साली, व्हँकुव्हरला. मध्ये एकशे तीस वर्षं गेली! त्या सभागृहातली माणसं काही दुष्ट नव्हती. बधिरांचं भलंच करायला जमली होती. ज्यांचं भलं करायचं त्यांना विचारलं नाही, एवढंच.

हे आज सांगायचं कारण आहे. या कार्यक्रमाच्या खर्चाचा विचार करताना आपल्याच बैठकीत एक साधा प्रश्न आला: 'मुलं तर नाच बसवून आणणार आहेत. मग भाषणांसाठी दुभाषे कशाला? ते मानधन निधीतच टाकू.' विचारणाऱ्याच्या मनात काटकसर होती, दुसरं काही नव्हतं. पण ज्यांच्या नावाने आपण पास विकले, त्यांना आपल्याविषयी काय बोललं जातंय तेच कळू नये, हे बरं दिसलं असतं का? समितीने पुष्पगुच्छ आणि ट्रॉफी कमी केल्या आणि दुभाषे ठेवले. ते दोघं आळीपाळीने काम करताहेत, कारण सलग भाषांतराने हात आणि डोकं दोन्ही थकतात. सभागृहात अंधार केला तरी त्यांच्यावर दिवा ठेवलाय आणि मुलांना समोरच बसवलंय. मघाशी नाच संपल्यावर तुम्ही दोन्ही हात वर करून हलवलेत, तेव्हा मुलांचे चेहरे पाहिलेत ना? टाळी अशीही असते, डोळ्यांना दिसणारी.

शेवटी आपल्या घरचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सांकेतिक भाषेला संवादाचं साधन मानलं आहे. पण कायदा आपल्या जिन्यापर्यंत पोचवायचा तो आपणच. आपल्याकडे आगीची घंटा वाजते, दिसत नाही. लिफ्ट अडकली तर आत घंटेचं बटण आणि फोन. कमी ऐकू येणारी माणसं आपल्या प्रत्येक विंगमध्ये आहेत, वयोमानाने तर उद्या आपणही त्यांत असू. म्हणून येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी तीन गोष्टी मांडणार आहे. घंटेबरोबर लुकलुकणारे दिवे लावावेत. संकटात कुणाच्या दारी प्रत्यक्ष जायचं, त्या घरांची यादी, त्या घरांच्या संमतीने, वॉचमनकडे असावी. आणि सोसायटीच्या कार्यक्रमाचं अंदाजपत्रक करताना दुभाष्याचं मानधन मंडपाच्या खर्चाआधी लिहावं.

सूचक मी आहे, अनुमोदक हवा आहे. विचार करून ठेवा.