कायद्याची प्रवेशपरीक्षा आणि उजळणीची कार्डे
(मंडळाच्या विद्यार्थी-सत्कार समारंभात केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. अशा वेळी वक्त्याने उद्योगाची थोरवी गावी आणि खाली बसावे, असा प्रघात आहे. तो मोडून आम्ही एका लहानशा वस्तूविषयी बोलणार आहोत. ती वस्तू म्हणजे तळहाताएवढे जाड कागदाचे कार्ड. एका अंगास प्रश्न, दुसऱ्या अंगास उत्तर. मुले त्यास फ्लॅशकार्ड म्हणतात.

बारावीनंतर कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाकडे आपल्या मुलामुलींचा ओढा वाढत आहे, ही आनंदाची गोष्ट होय. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी ‘क्लॅट’ ही परीक्षा २००८ पासून होते. आपल्या राज्यात मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे अशी विद्यापीठे आहेत. राज्यातील इतर विधी महाविद्यालयांसाठी सीईटी असते. शिकवणीवर्गांचे शुल्क प्रत्येक घरास झेपत नाही. म्हणून आम्ही काही मंडळी रविवारी अभ्यासिकेत मुलांस घेऊन बसू लागलो आणि कोऱ्या कार्डांचे गठ्ठे वाटले.

पहिल्या वर्षी आमची चूक झाली, ती येथे कबूल करणे आमचे कर्तव्य आहे. एका मुलीने सुमारे नऊशे कार्डे लिहिली. अक्षर मोत्यांसारखे, शाई तीन रंगांची. आम्ही सर्वांसमक्ष तिची वाहवा केली. निकाल लागला तेव्हा तिला कोठेच प्रवेश मिळाला नाही. तिच्या वडिलांनी आम्हांस बोल लावला नाही, “पोरीने कष्टांत कसूर केली नाही, मग उणे कोठे पडले?” एवढेच त्यांनी विचारले. आमच्यापाशी उत्तर नव्हते.

पुढच्या रविवारी आम्ही तिचाच गठ्ठा हाती घेऊन तिला विचारू लागलो. उत्तर दाखविले की ती म्हणे, “हे मला ठाऊक होते.” न दाखविता विचारले, तर दहांतली चारच येत. तिने कार्डे लिहिली होती, पुनःपुन्हा वाचली होती. स्वतःस विचारली मात्र कधीच नव्हती.

ओळखीचे वाटणे निराळे आणि ठाऊक असणे निराळे. रस्त्यात चेहरा ओळखीचा वाटतो, पण नाव काही आठवत नाही, तशातली ही गत. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये अमेरिकेतील विद्यार्थ्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. काहींनी उतारा पुन्हा वाचला. काहींनी तो मिटून आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली, तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने पाहिले तो आठवून लिहिणाऱ्यांस शेकडा ५६ भाग स्मरत होता, वाचणाऱ्यांस ४२. येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांस याचे नवल वाटणार नाही. दिवेलागणीस आपले पाढे पाटी पालथी ठेवूनच म्हणून घेतले जात. आपण त्यास उजळणी म्हणत होतो.

तेव्हापासून आम्ही पद्धत बदलली. मिठाईचे तीन रिकामे डबे घ्यावेत. नवे कार्ड पहिल्या डब्यात. ते रोज विचारावे. उत्तर बिनचूक आले की दुसऱ्यात, ते तीन दिवसांनी. पुन्हा आले की तिसऱ्यात, ते आठवड्याने. चुकले की कोणत्याही डब्यातून थेट पहिल्यात. ही युक्ती लाइटनर नामक लेखकाने जर्मनीत गेल्या शतकात रूढ केली. एका कार्डावर प्रश्न एकच असावा आणि मागे तारीख घालावी. थोरल्या भावाचा गठ्ठा धाकट्याने डोळे मिटून घेऊ नये. लबाड माणसास आपण अजून ‘चारशेवीस’ म्हणतो. परंतु १८६० ची दंडसंहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, आणि फसवणुकीचे कलम आता ३१८ आहे.

मात्र कार्डांकडून भलती अपेक्षा धरू नये. २०२० पासून क्लॅटमध्ये लांब उतारे देऊन त्यांवर प्रश्न विचारतात. कायद्याचा नियमही बहुधा उताऱ्यातच असतो. सध्या १२० मिनिटांत १२० प्रश्न सोडवायचे असतात, आणि चुकीच्या उत्तरास पाव गुण कापला जातो. चार चुकांनी एका बरोबर उत्तराची कमाई जाते. चालू घडामोडी, संविधानाची मूलतत्त्वे, शब्दार्थ, गणिताची सूत्रे यांस कार्ड उपयोगी; वाचनाचा वेग व तर्क त्याने येत नाही. त्यासाठी रोज एखादा अग्रलेख वाचून त्याचे सार स्वतःच्या शब्दांत सांगावे. राज्याच्या सीईटीत चुकीस दंड नाही, प्रश्न मराठीतही असतात आणि माहितीवर थेट विचारणा असते. तेथे कार्डांचा उपयोग अधिक.

आता पालकांस एक विनंती. कार्ड हाती धरणाऱ्यास कायदा यावा लागत नाही. त्या मुलीची आई सातवीपर्यंत शिकलेली. दुसऱ्या वर्षी रोज रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर ती माउली डबा घेऊन बसे, प्रश्न वाची आणि उत्तर ऐकल्याखेरीज कार्ड उलटीत नसे. मुलगी “आठवत होते गं” म्हणाली, की कार्ड निमूटपणे पहिल्या डब्यात जाई. नऊशे कार्डांची अडीचशे उरली. क्लॅटची यादी तिला त्याही वर्षी हुकली. सीईटीतून मात्र जिल्ह्याच्या विधी महाविद्यालयात जागा मिळाली. आज ती रविवारी आमच्या शेजारी बसून धाकट्यांस प्रश्न विचारते.

तिच्या वडिलांस द्यावयाचे उत्तर आम्हांस असे एक वर्ष उशिरा सापडले. दुसऱ्या कोणा घरास ते उशिरा मिळू नये, म्हणूनच आज उभे राहिलो. घरी जाताना कोऱ्या कार्डांचा एकेक गठ्ठा दारावरून अवश्य न्यावा, आणि रात्रीचा अर्धा तास मुलांस द्यावा, एवढे मागून आम्ही आपली रजा घेतो.