अंतराळातले बिऱ्हाड



चंद्रमंगळाच्या मोहिमांची थोरवी गाण्याचा माझा विचार नाही. पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक फिरते आहे. तेथला संसार कसा चालतो, एवढेच सांगते.

५ जून २०२४ रोजी सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर बोइंगच्या 'स्टारलायनर' या नव्या यानातून तेथे जाण्यास निघाले. मुक्काम आठ दिवसांचा. पण वाटेत यानातून हेलियम गळू लागला, काही छोटी इंजिने बंद पडली, आणि सप्टेंबरात ते यान रिकामेच परत आणावे लागले. पाहुणे राहिले तब्बल २८६ दिवस! आपल्या घरी असे झाले, तर आपण डबे चाचपू आणि मुलाला वाण्याकडे पिटाळू. तेथे वाणी कोठला? मालवाहू यान येईल तेव्हा येईल. म्हणून कोठीत काही महिन्यांची बेगमी नेहमीच राखलेली असते. तीच कामी आली.

खरी गंमत कपड्यांची. निघण्याच्या सुमारास स्थानकावरचा एक पंप बिघडला. लघवीचे पिण्याचे पाणी करणाऱ्या यंत्राचा तो पंप. नाक मुरडू नका हं! लघवी, घाम, श्वासातली वाफ यांतले ९८ टक्के पाणी परत मिळवता येते, हे २०२३ साली तेथे साधले आहे. नवा पंप न्यायचा, पण यानात जागा नाही. मग या दोघांच्या कपड्यांच्या बॅगाच खाली उतरवल्या! ऑगस्टात मालवाहू यानातून कपडे येईपर्यंत दोघांनी स्थानकावरच्या शिलकी कपड्यांवर भागवले. धुणे तर तेथे नाहीच. मळलेले कपडे कचऱ्याबरोबर जुन्या मालवाहू यानात भरतात, आणि ते यान वातावरणात शिरताना जळून जाते. धुण्याला कंटाळलेल्या भगिनींना हेवा वाटेल, पण मला काही ते पटत नाही.

पाव नेत नाहीत. त्याचा चुरा तरंगत यंत्रांत आणि डोळ्यांत जातो. त्याऐवजी आपल्या पोळीची बहीण शोभेल अशी मेक्सिकन पोळी. मीठमिरीही पातळ करून नेतात. निजायचे भिंतीला बांधलेल्या पिशवीत.

'अडकल्या, अडकल्या' असे वर्तमानपत्रांनी छापले. विल्मोर यांना तो शब्द मान्य नव्हता, आणि मलाही नाही. परतीची सोय आधीच झाली होती. २८ सप्टेंबर २०२४ ला निघालेल्या यानात चौघांऐवजी दोघेच गेले, दोन जागा मोकळ्या ठेवल्या. त्याच यानातून १८ मार्च २०२५ रोजी ही जोडी उतरली. त्या जागा ज्यांच्या होत्या, त्या दोघी बायकाच, झेना कार्डमन आणि स्टेफनी विल्सन. कित्येक महिने तयारी करून त्या मागे राहिल्या, पण त्यांच्याविषयी फारसे कोणी लिहिले नाही. कार्डमनबाईंना पुढे १ ऑगस्ट २०२५ रोजी जायला मिळाले, आणि त्या गेल्या त्या यानाच्या प्रमुख म्हणून.