उशाशी ठेवायचे पिस्तूल



कामगार चळवळीतल्या माणसांनी पगार, बोनस आणि नुकसानभरपाई यांवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. आज आम्ही बोलणार आहोत ते अमेरिकेतील घरांत उशाशी ठेवल्या जाणाऱ्या पिस्तुलाविषयी. आपल्यापैकी कित्येकांची मुले-नातवंडे टेक्सासात, न्यू जर्सीत संसार करीत आहेत. घरफोडीच्या भीतीने हत्यार घ्यावे काय, आणि घ्यायचे तर कोणते, हा प्रश्न त्यांच्याही दारी येतो. शिवाय पिस्तूल हे अखेर एक यंत्र आहे, आणि माणूस व यंत्र यांचा संबंध हा तर आमचा रोजचाच विषय.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना मागणाऱ्याला 'कशासाठी हवे?' या प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे लागते. तेथील रीत निराळी. वॉशिंग्टन शहरात १९७६ च्या कायद्याने नव्या पिस्तुलांची नोंदणीच बंद केली होती. डिक हेलर नावाच्या एका सुरक्षारक्षकाने त्याविरुद्ध दाद मागितली, आणि २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ती बंदी रद्द केली. घरातील माणसे पिस्तूलच का पसंत करतात, याची कारणे न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी निकालपत्रात दिली आहेत. ते चटकन हाती लागेल अशा जागी ठेवता येते. दुसऱ्याला ते सहजी हिसकावता येत नाही. लांब बंदूक पेलण्याइतकी ताकद नसलेल्यालाही ते झेपते. आणि ते एका हाती धरून दुसऱ्या हाताने पोलिसांना फोन करता येतो.

या कारणांना हसू नये. वस्तीपासून दूर, पोलीसठाणे मैलोगणती लांब असलेल्या घरात एकट्या राहणाऱ्या बाईची भीती खरी असते. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. चटकन सापडणारे आणि कमी ताकदीच्या हाताला झेपणारे हत्यार जसे घरधनिणीला सोयीचे, तसेच ते चार वर्षांच्या पोराला आणि जिवाला कंटाळलेल्या माणसालाही सोयीचे. निवडीची सारी अडचण येथे आहे.

दुकानात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चक्रीत बहुधा पाच-सहा गोळ्या असतात. रचना साधी, आणि चक्री बाजूला काढली की भरलेले आहे की रिकामे ते डोळ्यांना दिसते. घोडा आधी न चढवता चाप ओढायचा तर दहा-बारा पौंडांचा जोर लागतो. त्यामुळे चुकून बार उडणे अवघड, पण म्हाताऱ्या बोटांना तो चाप जडही जातो. दुसरा प्रकार मुठीत मॅगझीन बसवण्याच्या पिस्तुलाचा. ऑस्ट्रियाच्या ग्लॉकसारख्या पिस्तुलात सतरा गोळ्या मावतात आणि चापही हलका असतो. मात्र मॅगझीन काढले की पिस्तूल रिकामे झाले, असा नवख्याचा समज होतो. नळीत चढलेली गोळी आतच राहते, आणि त्या एका गोळीने माणसे मेली आहेत.

दुकानदार सांगत नाही अशाही काही गोष्टी आहेत. मागखात्यात वर्षानुवर्षे उभे राहून आमच्या विणकरांचे कान गेले. बंद खोलीतला एक बार दीडशे डेसिबलच्या घरात जातो आणि कानाला क्षणात इजा करू शकतो. तेथील पुष्कळ घरांच्या आतल्या भिंती लाकडी चौकटीवर जिप्समचे पातळ तक्ते ठोकलेल्या असतात. चुकलेली गोळी त्यांतून पार होऊन पलीकडे निजलेल्या मुलापर्यंत पोहोचते. म्हणून हातात वेगळी विजेरी हवी. पिस्तुलावरच बसवलेल्या दिव्याने माणूस ओळखायचा, तर नळी आधी त्याच्यावर रोखावी लागते; आणि तो आपलाच मुलगा असू शकतो.

सिअॅटल शहर ज्या किंग काउंटीत आहे, तेथील सहा वर्षांचा हिशेब १९८६ साली प्रसिद्ध झाला. ज्या घरात बंदूक ठेवलेली होती त्याच घरात गोळीने झालेले मृत्यू ३९८. त्यांत घरात शिरू पाहणारे २ आणि स्वसंरक्षणात मारले गेलेले ७. अपघाती मृत्यू १२, खून ४१, आणि आत्महत्या ३३३. नुसते पिस्तूल पाहून पळालेला चोर या हिशेबात येत नाही, हे कबूल केले पाहिजे. तरीही त्या ३३३ माणसांना विसरता येत नाही. निराशेचा झटका पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो. तेवढा वेळ हत्यार हाती लागले नाही, तर माणूस सकाळ पाहतो.

'कामगाराने सावध राहावे' असे मालक सांगत. १९४८ च्या कारखाना कायद्याचे २१ वे कलम मात्र 'यंत्राला कुंपण घाला' असे सांगत होते. माणूस कधी ना कधी चुकणार, हे ज्या कायद्याने ओळखले तोच बोटे वाचवतो. अमेरिकेच्या १९७२ च्या ग्राहक-वस्तू सुरक्षा कायद्यातून बंदुका वगळल्या आहेत. खेळण्यातले पिस्तूल त्या कायद्याखाली येते, खरे येत नाही! कारागिरांना हे कळत नव्हते असे नाही. स्मिथ अँड वेसन कंपनीने १८८७ च्या सुमारास, मूठ घट्ट आवळल्याखेरीज चालणार नाही असे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले होते. २००५ च्या कायद्याप्रमाणे परवानाधारक दुकानदाराला पिस्तुलाबरोबर कुलूप किंवा तसेच दुसरे सुरक्षासाधन द्यावे लागते. पण ते लावलेच पाहिजे अशी सक्ती तो कायदा घेणाऱ्यावर करीत नाही.

म्हणून आपल्या मुलांना आपण क्रम सांगावा. आधी दाराची कडी, अंगणातला दिवा आणि उशाशी फोन. मग घरात लहान मूल, दारू पिणारा किंवा मनाने खचलेला कोणी आहे काय, याचा विचार. खचलेला कोणी असेल, तर पिस्तूल त्या घरात नकोच. यानंतरही घ्यायचे ठरले, तर प्रथम पलंगाशी पक्की बसवलेली, आकडे दाबून उघडणारी पोलादी पेटी घ्यावी, आणि तिचे आकडे मुलांना कळू देऊ नयेत. टाळेबंदीला आम्ही जन्मभर विरोध केला. ही एवढी टाळेबंदी आम्हांला मान्य आहे. रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, हा प्रश्न सर्वांत शेवटचा, आणि त्याचे उत्तर सोपे आहे: ज्याचा आपण स्वतः सराव केला आहे आणि जे डोळ्यांसमोर रिकामे करून दाखवता येते, ते.